समेच्या अलीकडे

“मग आता कुठलं पुस्तक राहिलंय माझं, बुवा?”

हेरंब सोवनीनं हे विचारलं तेव्हा शनिवारची बैठक उठायला आली होती. गुरुपादबुवा तानपुऱ्याची खुंटी पिळत होते.

“बुवा, मी विचारतोय.”

“ऐकलं की.”

…

“संगीतावरचं मराठीतलं सगळं वाचलं. हिंदीतलं वाचलं. तुम्ही म्हणाल ते आणखी वाचतो. पण यंदा तरी गंड्याचं होऊ द्या.”

गंडा म्हणजे तसा साधा धागा. गुरूनं शिष्याच्या मनगटाला बांधायचा. पण तो बांधला की माणूस त्या घरचा होतो. तोवर किती का वर्षं शिकेना, तो येणारा-जाणाराच. हेरंब सांगलीला कॉलेजात शिकवायचा आणि मिरजेला बुवांकडे शिकायला यायचा. गळा चांगला, मेहनत भरपूर, आणि मनगट रिकामं. त्याच्या मागून आलेल्या दोघांना बुवांनी गंडा बांधला होता. ते त्याला फार लागून राहिलं होतं.

मी बुवांचा पेटीवाला. पेटीनं गाणाऱ्याच्या मागून जायचं, मधे तोंड घालायचं नाही. मी मूग गिळून बसलो होतो.

बुवांच्या घरी शनिवारी गाणं झालं की चहा येतो, आणि चहाबरोबर पुस्तकं. ही रीत कुणी पाडली ते कुणाला आठवत नाही. सध्या काय वाचतोय ते ज्यानं त्यानं सांगायचं. आवडलं असेल तर दुसऱ्याला सुचवायचं. वाचून झालेलं पुस्तक कोनाड्यात ठेवायचं, ज्याला हवं त्यानं न्यायचं. गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांची मंडळी असली तरी पुस्तकं गाण्यावरचीच असतात असं नाही. कादंबऱ्या असतात, शिकारीच्या गोष्टी असतात. एकदा कुणीतरी मधमाश्यांवरचं आणलं होतं, ते सगळ्या गल्लीत फिरलं. बुवांना मोतीबिंदूमुळं अक्षर लागत नाही. ते नुसतं ऐकतात. स्वतः कधी काही सुचवत नाहीत.

हेरंबचं वाचन अफाट. कुणी कुठलंही पुस्तक काढलं की ते त्यानं आधीच वाचलेलं असायचं. इथवर ठीक. पण तो लगेच शेवटही सांगून टाकायचा. दुष्टपणानं नव्हे. वर्गातला हुशार मुलगा मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत हात वर करतो, तसं ते होतं. गाणं ऐकतानाही तेच. बुवा समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाले की याची मान आधीच डोलायची आणि “क्या बात है” आधीच बाहेर पडायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बुवांनी त्यावर त्याला कधी टोकलं नव्हतं. मला मात्र दर वेळी पेटीचा भाता याच्या पाठीत घालावासा वाटे.

बुवांनी खुंटी सोडली.

“हेरंब, पद्माक्काला विचार, काय वाचतेस म्हणून.”

पद्माक्का दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जिनदत्त उपाध्यांच्या त्या पत्नी. उपाध्ये म्हणजे आमचे अण्णा. बुवांच्या उभ्या हयातीतलं गाणं अण्णांच्या तबल्यावर झालं. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून ते अंथरुणावर आणि तबला गवसणीत. पद्माक्का तेवढ्या शनिवारी येऊन बसत. मधले दोन-तीन शनिवार त्याही आल्या नव्हत्या.

“काय वाचताय काकू?” हेरंबनं विचारलं.

“काही नाही.”

“ती कादंबरी झाली का? नदीकाठच्या शिंपिणीची?”

“तीच परत ठेवायला आणलीय,” पद्माक्का म्हणाल्या. त्यांनी पुस्तक पिशवीतून काढलं. निम्म्याच्या जरा पुढं त्यात रिबिनीचा तुकडा होता.

“अजून संपली नाही?”

“थांबली.”

…

बुवा म्हणाले, “सांग त्याला, अक्का.”

“कशाला बुवा. राहू दे.”

“सांग.”

पद्माक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलल्या. आवाजात राग नव्हता.

“आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवण. त्यानंतर संध्याकाळ फार मोठी होते. यांना झोप येत नाही, हात हलत नाही. म्हणून मी वाचून दाखवायला लागले. रोज थोडं थोडं. त्या शिंपिणीचा मुलगा बोटीवर नोकरीला गेलाय, ती वाट बघतीय… यांना ती गोष्ट फार लागली. दुपारपासून म्हणायचे, तिचं काय झालं असंल गं. झटका आल्यापासून यांनी पुढचं काही विचारलंच नव्हतं कधी. ना औषधाचं, ना उद्याचं. फक्त त्या बाईचं विचारायचे.”

“मग?”

“मग त्या शनिवारी मी इथं सांगितलं, अमुक वाचतोय म्हणून. आणि तुम्ही शेवट सांगितलात.”

सांगितला होता. चहाचा कप हातात घेऊन, एका वाक्यात. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. एकानं केलं तेवढं पुरे.

“पण काकू, मी तुम्हाला सांगितलं,” हेरंब म्हणाला. “अण्णांना कुठं सांगितलं? तुम्हीही सांगितलं नसेल.”

“नाही की सांगितलं.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी मी पुढचं वाचायला घेतलं. ती मुलासाठी सदरा शिवतीय. माप ठाऊक नाही, अंदाजानं बेततीय. हसण्यासारखं आहे सगळं तिथं. तर चार ओळी झाल्या नाहीत तोवर हे म्हणाले, थांब. म्हणाले, तुला शेवट कळलाय. तुझ्या आवाजात आलाय.”

…

“मी म्हटलं, काही नाही हो, सर्दी झालीय. तर यांनी तोंड भिंतीकडे केलं. राहू दे म्हणाले. त्यानंतर मी रोज पुस्तक घेऊन बसते, आणि ते रोज राहू दे म्हणतात.”

मला अण्णांचा कान ठाऊक होता. गाणारा श्वास कुठं घेणार हे ज्याला पाठीमागून कळतं, त्याच्यापासून बायको काय लपवणार?

हेरंब गोरामोरा झाला. पण वाचलेला माणूस लगेच हरत नाही.

“काकू, मला वाईट वाटतं. पण खरं सांगू का, चांगलं पुस्तक शेवटावर उभं नसतं. शेवट ठाऊक असूनही ज्याची गोडी जात नाही, तेच चांगलं. मी दोनदा वाचलंय ते.”

मला त्याचं म्हणणं खोडता येईना, म्हणून जास्तच राग आला.

बुवांनी तानपुरा त्याच्या हातात दिला. मला पेटीकडे खूण केली.

“छेड.”

बुवांनी नेहमीचीच विलंबित बंदिश धरली. तबला नव्हता, गुडघ्यावर हातानं ताल धरला होता. त्या वयातही आवाज असा संथ भरत गेला की दाराबाहेर चपला घालणारे दोघं परत आत येऊन बसले. एक आवर्तन झालं. दुसऱ्यात बुवा वर गेले, तिथं रेंगाळले, आणि मुखडा उचलून समेकडे निघाले…

“क्या बात है!” हेरंब म्हणाला.

बुवा थांबले.

समेच्या अलीकडेच. गुडघ्यावर पडायचा हात वरच राहिला. माझी बोटं पेटीवर अडकली. तानपुरा एकटाच वाजत राहिला.

आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. तो खाली येईना.

“दाद कुणाला दिलीस?” बुवांनी विचारलं.

“तुम्हाला.”

“मी तर अजून आलो नाही.”

…

“तिथं कोण भेटलं तुला?” बुवांनीच पुन्हा विचारलं.

हेरंबनं तानपुरा थांबवला. कान लाल झाले होते. तरी तो म्हणाला, आणि हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो, कारण प्रश्न खरा होता:

“पण बुवा, सम कुठं येणार ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला असतं, यांना असतं. तुम्हाला तर असतंच असतं.”

“असतं की.”

“अण्णांना तर जन्मभर ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग?”

बुवांनी हात हळूच मांडीवर ठेवला. सम नाही ती नाहीच दिली. ती तशीच राहिली.

“कुठलं पुस्तक वाचू म्हणून विचारत होतास न्हवं?”

“हो.”

बुवांनी पद्माक्कांच्या दिशेनं हात केला. “ते.”

इतक्या वर्षांत बुवांनी पहिल्यांदा कुणाला पुस्तक सुचवलं.

“ते मी वाचलंय बुवा. दोनदा.”

“अण्णाला वाचून दाखव.”

पद्माक्का म्हणाल्या, “बुवा, तुम्हीच या की एकदा. ते तुमची वाट बघतात. बोलून दाखवत नाहीत, पण दार वाजलं की बघतात.”

“येतो की,” बुवा म्हणाले आणि पुन्हा खुंटीला लागले.

हे ‘येतो की’ आम्ही पुष्कळदा ऐकलं होतं. अण्णांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. झटका आल्यापासून बुवा तिकडे फिरकले नव्हते. आमच्यातलं कुणी त्यांना तसं म्हणत नसे.

पुढचं मला पद्माक्कांनी सांगितलं.

पहिल्या दिवशी हेरंब आला तो इस्त्रीच्या कपड्यात, व्याख्यानाला यावं तसा. अण्णांच्या उशाशी खुर्ची ओढली आणि सदऱ्याचं प्रकरण काढलं. खणखणीत वाचलं.

“थांब,” अण्णा म्हणाले.

“नीट ऐकू येत नाही का?”

“येतंय.” अण्णांचे शब्द जड, एकेक सुटा येतो. “तू शेवटच्या पानावर बसून… तिथनं ओरडतोयस.”

हेरंबनं पुस्तक मिटलं. “मग काय करू, अण्णा?”

“आज जा.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या खेपेला त्यानं फार हसत वाचलं. अण्णांनी डोळे मिटले.

“गोड नको. लबाडी कळती.”

“मला शेवट ठाऊक आहे, अण्णा. तो मी कुठं टाकू?”

“मलाही सम ठाऊक असायची.” अण्णा म्हणाले. “ती बाई आत्ता काय करतीय?”

“कॉलर लावतीय.”

“मग कॉलर लाव की.”

हेरंबला ते कळलं नाही. त्या दिवशी तो लगेच घरी गेला नाही, पद्माक्कांच्या ओट्यावर बसून राहिला. म्हणाला, काकू, मला नाही जमत. काकू म्हणाल्या, मलाही जमलं नव्हतं. मग त्यांनी त्याला ताक दिलं. ते पिऊन तो शेवटच्या एसटीनं सांगलीला गेला.

पण येत राहिला. सांगली-मिरज अंतर काही फार नाही, पण कॉलेज करून रोज यायचं म्हणजे चेष्टा नव्हे. अण्णा कधी एका ओळीत थांबवायचे, कधी अर्धं पान जाऊ द्यायचे. “थांब” म्हणाले की हेरंब पुस्तक मिटायचा, वाद घालायचा नाही. बुवांकडे शनिवारी तो अंग चोरून बसायचा. गंड्याचं नाव नाही.

मग एका संध्याकाळी तो वाचत होता. शिंपिणीला सुईत दोरा ओवता येत नाहीय. उजेड गेलाय, शेजारणीला हाक मारावी तर अभिमान आड येतोय. हेरंब वाचता वाचता हळू झाला. त्याचा चष्मा नाकावर घसरला होता तो त्यानं वर केला नाही. पान संपलं. पुढचं पान उलटायचं राहिलं आणि तो तसाच बसला, तिच्या दोऱ्याकडे बघत असल्यासारखा.

स्वयंपाकघरात पद्माक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“ओवला का तिनं?” अण्णांनी विचारलं.

हेरंबनं दचकून वर बघितलं.

“थांबा,” तो म्हणाला. “बघतो.”

हे मला सांगताना पद्माक्का रडल्या. मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काय आहे. हेरंबनं ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि ‘बघतो’ म्हणाला तेव्हा त्याला खरंच बघायचं होतं. त्या दिवशी जेवढं वाचलं तेवढं पुन्हा एकदा वाचायला अण्णांनी त्याला लावलं. रात्री झोपताना ते काय म्हणाले, तर उद्या लवकर ये म्हणावं पोराला.

त्याच्या पुढच्या शनिवारी बुवा छान गायले. समेवर आले. हेरंब गप्प होता. सम पडली, तानपुऱ्यात विरली, आणि मग कुठं त्याच्या तोंडून बारीकसं “हं” निघालं. दाद म्हणावी इतकंही ते मोठं नव्हतं. बुवांनी मान वळवून आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि पुढचं आवर्तन उचललं.

चहा आला. पुस्तकांची फेरी सुरू झाली. हेरंबची पाळी आली.

“तेच चाललंय,” तो म्हणाला. “अण्णांबरोबर.”

माझ्या जिभेला हाड नाही. मी मुद्दाम विचारलं, “कसं आहे हो? शेवट चांगला आहे का?”

पद्माक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पेटीत शिरावंसं वाटलं.

हेरंब हसला नाही, चिडलाही नाही. खरं तेच सांगावं तसं म्हणाला, “अजून तिथवर गेलो नाही आम्ही. सदरा झालाय. आता ती तो धुवून वाळत घालतीय.”

मंडळी उठली. पद्माक्का पुढं गेल्या, दिवे लागायच्या आत अण्णांचं जेवण करायचं होतं. हेरंबही चपला शोधायला लागला.

“हेरंब.”

“जी.”

“गंड्याचं विचारलं नाहीस बऱ्याच दिवसांत.”

हेरंब एक चप्पल घालून उभा राहिला. “राहूनच गेलं, बुवा.” मग म्हणाला, “आता अण्णांकडे जायचंय. ते बसलेले असतात.”

“बसतात?”

“उशी लावून बसतात हल्ली. वाचायच्या वेळेला.”

…

“माझं विचारतो का?”

“रोज. बुवा काय गायले म्हणून. मी सांगतो मला कळलं तेवढं.”

बुवांचा चेहरा उतरला. त्यांनी तानपुऱ्यावर हात ठेवला आणि तारा धरून ठेवल्या, त्या वाजत नव्हत्या तरी.

“त्याचा तो हात बघून तुला भीती वाटत नाही?”

“पहिल्या दिवशी वाटली. मग गोष्टीत शिरलो.”

“मला इथं बसून दिसतो रे तो.” बुवा म्हणाले. “हात दिसतो. त्याच्या पुढचंही दिसतं. सगळंच दिसतं… म्हणून मी जात नाही.”

बुवांनी हे असं सरळ कुणाला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी पेटी झाकायला घेतली आणि झाकण उलटं लावलं.

हेरंबनं पायातली चप्पल काढली. आत आला. बुवांना समजावणीचं काही बोलला नाही. पूर्वीच्या हेरंबनं चार पुस्तकांतले दाखले दिले असते. हा नुसता बुवांजवळ खाली बसला.

“सदरा दोरीवर आहे, बुवा,” तो म्हणाला. “वारं सुटलंय. आज तिथूनच पुढं वाचणार आहोत.”

बुवांनी धरलेल्या तारा सोडल्या.

“काठी कुठाय माझी?” बुवांनी विचारलं.

मी काठी दिली. हेरंबनं हात धरून त्यांना उठवलं. उंबऱ्याशी येईपर्यंत बुवा दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, आता हे परत फिरतील. फिरले नाहीत. हेरंबनं वाकून त्यांच्या पायात चपला सरकवल्या.

मला राहवलं नाही. पेटीवाल्याचा नियम मोडून मी मागून म्हटलं, “बुवा, त्या गंड्याचं काय ते सांगून तरी जा त्याला. किती दिवस ताटकळत ठेवणार?”

बुवांनी हेरंबचा दंड घट्ट धरला आणि पायरी उतरले.

“चल,” ते त्याला म्हणाले. “कुणी कुणाला बांधायचा ते वाटेत ठरवू.”